मूळ पान कोणत्या भाषेत? चाकणच्या एका कारखान्याच्या विकीचे प्रकरण

नायलॉन ६६ या प्लॅस्टिकचा दाणा हवेतला ओलावा ओढून घेतो. तो न वाळवता मशीनला दिला, तर २८० ते ३०० अंशांच्या बॅरलमध्ये (प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळीत) त्या ओलाव्यामुळे प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, वाफ धरते आणि साच्यातून निघालेल्या भागावर चंदेरी रेघा उमटतात. रेघा दिसल्या तर एका अर्थी बरे, कारण माल तिथेच बाजूला पडतो. कधी भाग वरून चांगला दिसतो आणि ग्राहकाच्या लाइनवर बसवताना त्याची क्लिप कट्‌कन तुटते. म्हणून दाणा वाळवणाऱ्या हॉपर ड्रायरचे तापमान आणि वेळ हे दोन आकडे इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून भाग करणाऱ्या, कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ असतात. चाकणच्या ज्या कारखान्याचे हे प्रकरण आहे, तिथेही ते तोंडपाठ होते. पण वेगवेगळ्या पाळ्यांना वेगवेगळे आकडे पाठ होते.

कंपनीच्या अंतर्गत विकीवर, म्हणजे कर्मचाऱ्यांनीच लिहायच्या आणि बदलायच्या माहितीपानांच्या संग्रहात, वाळवणीचे इंग्रजी पान होते. जूनमध्ये प्रक्रिया अभियंत्याने त्यात बदल केला: पावसाळ्यात ८० अंशांवर चारऐवजी सहा तास. कारण लिहिले, तारीख टाकली, पान जतन केले. त्याच्या बाजूने काम चोख झाले होते. मराठी पान मात्र स्वतंत्र होते, कधी काळी इंग्रजीवरून कुणी तरी लिहून काढलेले. त्यावर चार तासच राहिले. हिंदी पान त्या मराठी पानावरून केलेले होते. तमिळनाडूतल्या होसूरच्या भावंड कारखान्यातले तमिळ पान तर इंग्रजी पानाच्या तिसऱ्याच आवृत्तीवरून उतरलेले होते. ऑगस्टमध्ये ग्राहकाकडून एक लॉट परत आला. दोषाचे कारण शोधणारा आठ टप्प्यांचा अहवाल लिहिताना ‘असे का झाले’ हा प्रश्न एकामागून एक विचारत गेलो, तेव्हा शेवटचे उत्तर ना मशीनकडे निघाले, ना माणसाकडे. ‘पानावर बघूनच लावलं, साहेब,’ असे ऑपरेटर म्हणाला आणि ते अक्षरशः खरे होते. त्याने आपल्या भाषेतली सूचना वाचली आणि पाळली. ती सूचना जुनी आहे हे त्याला सांगणारे त्या पानावर काहीही नव्हते.

मी या कारखान्यात दस्तऐवज आणि प्रशिक्षणाचे काम पाहतो. पुढच्या काळात विकीची जी फेरमांडणी झाली तिची ही हकिगत आहे. बहुभाषी विकीचा विषय निघाला की चर्चा लगेच अनुवादाकडे जाते: अनुवाद कोण करणार, किती खर्च येणार, यंत्राकडून करून घेता येईल का. आमचा अनुभव सांगतो की अडचण अनुवाद होण्याची नसते. एकदा झालेला अनुवाद मूळ पानाशी अजून जुळतो का, आणि मुळात मूळ कशाला म्हणायचे, हे दोन प्रश्न खरे अवघड आहेत.

कारखाना आणि त्याच्या भाषा

कायम कामगार बहुतेक खेड, जुन्नर, आंबेगाव आणि मराठवाड्यातले. त्यांची भाषा मराठी. कंत्राटी कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाची मुले. अभियंते आपसांत मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलतात आणि लिहितात फक्त इंग्रजी. होसूरला तमिळ. ग्राहकाचे आणि गुणवत्तेच्या लेखापरीक्षकाचे कागद इंग्रजीत.

कामगाराच्या भाषेत सूचना देणे ही कुणाची मेहरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ नेच सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितले होते. वाहन उद्योगाला लागू असलेले आयएटीएफ १६९४९ हे मानक त्याच्याही पुढे जाते: कामाच्या सूचना ज्याने त्या पाळायच्या त्याला समजणाऱ्या भाषेत हव्यात आणि कामाच्या जागी हाताशी हव्यात. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत दस्तऐवजाच्या स्वरूपाचे उदाहरण देताना भाषेचा उल्लेख आहे. तरीही बहुतेक ठिकाणी हे कलम ‘भिंतीवर मराठी फलक आहे’ एवढ्यावर भागवले जाते. फलक कधी बदलला, हे कुणी विचारत नाही.

लॉट परत आल्यानंतरच्या बैठकीत तीन सूचना आल्या. पहिली: सगळे इंग्रजीत ठेवा, चित्रे वाढवा. चित्रांचा उपयोग मोठा आहे, पण ‘गार्ड उघडण्याआधी मोटर बंद झाल्याची खात्री करा, केवळ पंप थांबला म्हणून पुरत नाही’ हे चित्रातून सांगता येत नाही. दुसरी: सगळ्यांना हिंदी येते, तर हिंदी एकच ठेवा. ही सूचना चांगल्या मनाने आली होती आणि तिचा मोह मोठा असतो, कारण लिपी एकच आहे. पण बाजारात हिंदी बोलता येणे आणि रात्रपाळीत अलार्म वाजत असताना हिंदीतला परिच्छेद वाचून पाचवी पायरी बरोबर करणे यात फार अंतर आहे. शिवाय होसूरला ती मुळीच लागू पडत नव्हती. तिसरी सूचना: इंग्रजी पान ठेवा आणि वाचणाऱ्याने बटण दाबले की यंत्राने तिथल्या तिथे अनुवाद करावा. यात पान जुने होण्याचा प्रश्न सुटतो हे खरे. पण जो मजकूर कुणीच वाचून पाहिलेला नाही, तो सुरक्षेची सूचना म्हणून कामगाराच्या हातात द्यायचा, याला मी तयार नव्हतो. ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत करू नका’ या बांधणीची वाक्ये आम्ही यंत्राला देऊन पाहिली, तेव्हा एखादा नकार गळालेला सापडला. शंभरांतले एखादेच वाक्य असे उलटले तरी ते नेमके कोणते, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

स्वतंत्र पानांकडून एका पानाकडे

आमची विकी मीडियाविकीवर चालते, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच खुल्या प्रणालीवर. तिच्यासाठी ‘ट्रान्सलेट’ नावाची जोडप्रणाली उपलब्ध आहे. विकिमीडियाच्या प्रकल्पांत अनेक भाषांतली पाने तिच्यावरच सांभाळली जातात. तिचा गाभा साधा आहे. मूळ पान परिच्छेदांच्या तुकड्यांत विभागले जाते, प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळतो आणि अनुवाद त्या त्या तुकड्याशी बांधला जातो. मूळ पानाच्या नावापुढे तिरपी रेघ आणि भाषेचा संकेत जोडला की त्या भाषेतले पान तयार होते. एखादा तुकडा अनुवादित नसेल तर त्या जागी मूळ भाषेतला मजकूर दिसतो; पान अर्धवट असले तरी त्यात भगदाड पडत नाही.

खरी किंमत पुढे आहे. मूळ तुकडा बदलला आणि पान अनुवादासाठी पुन्हा चिन्हांकित केले की त्या तुकड्याचे सगळे अनुवाद ‘जुने’ म्हणून नोंदले जातात. मराठी पानावर तेवढाच परिच्छेद गुलाबी पार्श्वभूमीवर दिसतो आणि वर लिहिलेले असते की हा अनुवाद इतके टक्के पूर्ण आहे. जूनमध्ये हे असते, तर मराठी पान उघडणाऱ्याला वाळवणीचा परिच्छेद गुलाबी दिसला असता आणि त्याने पाळीच्या सुपरवायझरला विचारले असते.

पण या प्रणालीत एक सापळा आहे आणि तो नव्याने बसवणाऱ्या प्रत्येकाने आधीच समजून घ्यावा. मूळ पानावर केलेला बदल आपोआप अनुवादांपर्यंत जात नाही. अनुवाद-प्रशासकाचा अधिकार असलेल्या कुणी तरी तो बदल पाहून पान पुन्हा चिन्हांकित करावे लागते. तोवर इंग्रजी पान नवे झालेले असते आणि मराठी पान मात्र ‘१०० टक्के पूर्ण’ असे ठणकावून सांगत असते. म्हणजे जूनमधलीच परिस्थिती, आणि आता वर प्रमाणपत्रही! ही पायरी मुद्दाम ठेवलेली आहे, कारण प्रत्येक स्वल्पविरामाला सगळ्या भाषांतले अनुवाद जुने ठरू लागले तर अनुवादक दोन आठवड्यांत कंटाळतील. चिन्हांकित करताना प्रशासकाला प्रत्येक तुकड्याबाबत ठरवता येते की हा बदल किरकोळ आहे, अनुवाद जुने ठरवू नका. हा निर्णय भाषेचा नाही, प्रक्रियेचा आहे. ‘बंद करा’चे ‘पूर्ण बंद करा’ झाले तर ते किरकोळ की नाही, हे फक्त मशीन जाणणारा माणूस सांगू शकतो.

म्हणून हा अधिकार आम्ही संगणक विभागाला न देता प्रत्येक विभागातल्या एका अभियंत्याला दिला. चिन्हांकित न झालेल्या बदलांची यादी विकीच्या एका विशेष पानावर मिळते. ती यादी सकाळच्या उत्पादन बैठकीत, मशीन बंद पडल्याच्या आढाव्यानंतर लगेच, पडद्यावर दाखवली जाते. संपूर्ण फेरमांडणीत कामाला आलेला सर्वांत मोठा बदल कोणता असे विचारले, तर मी हा सांगेन. प्रणाली बसवायला फार काळ लागला नाही. यादी रोज बघण्याची शिस्त बसायला लागला.

आकडे वेगळे काढणे

परत आलेल्या लॉटचे मूळ एका आकड्यात होते आणि आकड्यांना अनुवाद लागतच नाही. मग तो आकडा चार भाषांच्या चार पानांवर चार वेळा का टंकायचा? ट्रान्सलेटमध्ये वाक्याच्या मधला न बदलणारा भाग ‘चल’ म्हणून वेगळा ठेवता येतो. अनुवादकाला त्या जागी फक्त नाव दिसते; किंमत मूळ पानातून येते. तापमान, वेळ, दाब, सुट्या भागाचा क्रमांक, टॉर्क, हे सगळे आम्ही असे बाहेर काढले. आता सहा तासांचे पाच झाले तर मूळ पानावर किंमत बदलायची, पान चिन्हांकित करायचे आणि सगळ्या भाषांत नवी किंमत जाते. अनुवाद जुने ठरत नाहीत.

सोय मोठी आहे, तरी ती आंधळेपणाने वापरू नये. चारचे सहा तास केल्यावर शेजारचे वाक्यही बदलावे लागले होते: नायलॉन गरजेपेक्षा फार जास्त वेळ गरम हवेत राहिला तर पिवळा पडतो. म्हणून मशीन थांबले असताना ड्रायर तसाच चालू ठेवू नये, ही सूचना जोडावी लागली. आकडा आपोआप गेला आणि त्याच्याबरोबरचे शहाणपण मागे राहिले, असे होऊ शकते. आकडा बदलणाऱ्याने आजूबाजूचा परिच्छेद वाचूनच चिन्हांकित करावे, असा नियम केला.

आकडे कोणत्या लिपीत, यावर माझी अपेक्षा नव्हती इतकी चर्चा झाली. मराठी पानावर देवनागरी आकडे हवेत, ही मागणी भावनेची होती आणि मी ती समजू शकतो; या लेखातही तेच आकडे आहेत. पण मशीनच्या पॅनेलवर इंग्रजी आकडे असतात आणि कामगार पानावरचा आकडा पॅनेलवरच्या आकड्याशी ताडून पाहतो. तिथे मध्ये एक लिपी ओलांडायला लावणे म्हणजे चुकीला जागा करून देणे. मीडियाविकी मराठीत आपण होऊन काही ठिकाणी देवनागरी आकडे दाखवते. ते बंद करण्याची मांडणी आहे, ती वापरली. मजकूर मराठी, मशीनचे आकडे पॅनेलसारखे.

ज्ञान जिथे जन्मते तिथली भाषा

इथवर सगळे इंग्रजी पान मूळ धरून चालले होते. कुणी तसे ठरवले नव्हते. ते गृहीत होते.

साच्याच्या देखभालीची पाने करायला घेतली तेव्हा हे गृहीतक तुटले. एका जुन्या साच्यात रनर, म्हणजे प्लॅस्टिक आत नेणाऱ्या वाटेत घट्ट झालेला तुकडा, अडकायचा. इंग्रजी पानावर त्याचा उपाय तीन ओळींचा होता. तिथले ज्येष्ठ सेटर (मशीनवर साचा बसवणारे) तो साचा वर्षानुवर्षे हाताळत आलेले. त्यांना विचारले तर ते म्हणाले, ‘ते बरोबर आहे, पण तसं करून निघत नाही.’ मग कसे निघते, हे त्यांनी साच्याशेजारी उभे राहून सांगितले: कुठे हात लावून तापमानाचा अंदाज घ्यायचा, कोणता आवाज आला की थांबायचे, पितळेची सळई कोणत्या कोनात धरायची, लोखंडी का नाही. हे सगळे मराठीत होते आणि त्यांनी ते आजवर कधीच लिहिले नव्हते. लिहायचे तर इंग्रजीत लिहावे लागेल, तेही अभियंत्यामार्फत, अशी त्यांची समजूत होती. विकीची रचनाही तेच सांगत होती. इंग्रजी पान संपादित करता येत होते. मराठी पान हा त्याचा अनुवाद, त्यात मुळात नसलेले वाक्य घालायला जागाच नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ट्रान्सलेटने अनुवाद जुळते राहतात, पण त्याची किंमत म्हणून अनुवादाची भाषा गप्प होते. स्वतंत्र पानांच्या जुन्या पद्धतीत मराठी पान चुकीचे असू शकत होते, तरी त्यात कामगाराला स्वतःचे काही लिहिता येत होते. नव्या रचनेत तो दरवाजा बंद झाला. मूळ भाषा कायम इंग्रजीच असेल, तर कारखान्यातल्या बहुसंख्य लोकांना विकी फक्त वाचण्यापुरती उरते.

मीडियाविकीत प्रत्येक पानाची भाषा वेगळी ठरवता येते. ती सोय मुळात बंद असते, चालू करावी लागते. एकदा चालू केली की मराठी पान मूळ होऊ शकते आणि इंग्रजी, हिंदी, तमिळ हे त्याचे अनुवाद. आम्ही विभागवार ठरवले. ग्राहकाच्या आराखड्यांवर आधारलेली पाने, मोजमाप, रसायनांची सुरक्षापत्रके यांचे मूळ इंग्रजी. साच्याची देखभाल, मशीन सुरू-बंद करण्याचा क्रम, पाळी सोपवणे, बिघाडाच्या नोंदी यांचे मूळ चाकणला मराठी आणि होसूरला तमिळ. सेटरने फोनवर बोलून टंकलेला मजकूर किंवा पाठवलेला आवाज हा पहिला मसुदा. प्रशिक्षण विभागातले सहकारी तो पायऱ्यांत मांडतात, पुन्हा सेटरकडून वाचून घेतात आणि मगच पान मूळ म्हणून चिन्हांकित होते.

व्यवस्थापनाची शंका रास्त होती: लेखापरीक्षक आला तर मूळ दस्तऐवज मराठीत कसा दाखवायचा? मानकात इंग्रजीची सक्ती नाही. दस्तऐवज नियंत्रित असावा आणि वापरणाऱ्याला समजावा, एवढेच म्हटले आहे. आमच्याकडे इंग्रजी अनुवाद त्याच क्रमांकाच्या तुकड्यांशी बांधलेला होता आणि तो जुना झाला तर पानच तसे सांगत होते. परीक्षकाने मूळ मराठी पानाबद्दल आक्षेप घेतला नाही.

खरी अडचण दुसरीकडून आली. मूळ मराठी असलेले पान होसूरच्या अनुवादिकेला वाचता येत नाही. ती इंग्रजी अनुवाद शेजारी उघडून त्यावरून तमिळ करते. ट्रान्सलेटमध्ये अनुवाद करताना अन्य भाषेतला मजकूर बाजूला दिसण्याची सोय आहे, म्हणून काम तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. पण बदलाच्या दिवशी इंग्रजी अनुवाद जुना असेल आणि तिने त्यावरूनच तमिळ ‘अद्ययावत’ केला, तर प्रणालीच्या लेखी तमिळ ताजा होतो आणि प्रत्यक्षात जुनाच राहतो. गुलाबी रंग निघून जातो आणि चूक पक्की होते. यावर तांत्रिक उपाय सापडला नाही. नियम केला: मूळ मराठी असलेल्या पानाचा इंग्रजी अनुवाद आधी, आणि तो तपासला गेल्याची खूण होईपर्यंत तमिळला हात लावायचा नाही. नियम माणसांवर अवलंबून आहे आणि म्हणून कच्चा आहे, हे मला मान्य आहे.

अनुवादाचे पहिले मसुदे आता यंत्रच करते. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने २०२३ मध्ये खुले केलेले इंडिकट्रान्स२ आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषा हाताळते आणि आपल्याच सर्व्हरवर चालवता येते. ग्राहकाची प्रक्रिया बाहेरच्या सेवेला पाठवायची नसते तिथे हे महत्त्वाचे. मसुदा यंत्राचा, सही माणसाची. तपासणारा कार्यालयातला भाषाज्ञ नसून त्या मशीनवर काम करणारा असतो. आधी बाहेरच्या संस्थेकडून काही पाने करून घेतली होती. त्यांत ड्रायरला ‘शुष्कक’ म्हटले होते आणि प्रत्येक क्रिया ‘करण्यात यावी’ होती. मजल्यावर दाणा, साचा, पाळी हे शब्द चालतात तसेच हॉपर, रनर, फ्लॅशही चालतात. लोक बोलतात तो शब्द, आणि आज्ञा ‘करा’ अशी सरळ. शब्दावलीचे एक पान केले आणि तो वाद तिथे संपवला.

शोधले की सापडले पाहिजे

पान असून सापडत नाही, ही तक्रार मराठी पाने वाढल्यावर सुरू झाली. आधी वाटले, लोकांना शोधता येत नाही. प्रत्यक्षात शोधयंत्रालाच मराठी येत नव्हते.

पहिले कारण अक्षरांचे. ‘दुसऱ्या पाळीत’ यातला आडवा रफार दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक युनिकोडमधले (संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांमधले) ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दुसऱ्या, तिसऱ्या, कचऱ्याचा, कोपऱ्यातला: पाळीच्या नोंदींत हे शब्द पावलोपावली येतात. तसेच ‘ॲलन की’ या षट्कोनी पान्याचे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीची सवय म्हणून कुणी ‘अ’वर चंद्र देऊन लिहितो, कुणी ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ वापरतो. एकाच पान्याची तीन रूपे, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण ही तीन एक करत नाही. संगणक विभागातल्या सहकाऱ्याने शोधाच्या अनुक्रमणीत नियम घातले, की मजकूर आणि प्रश्न दोन्हींत ही रूपे एकाच रूपात आणावीत. तेवढ्यानेच कितीतरी पाने वर आली. मराठीत काही करू पाहणाऱ्या कोणत्याही कंपनीने हे काम पहिल्या दिवशी करावे, इतके ते स्वस्त आणि इतके ते गरजेचे आहे.

दुसरे कारण विभक्तीचे आणि ते इतक्या सहज सुटत नाही. माणूस ‘साचा’ शोधतो. पानात ‘साच्याला’, ‘साच्यातून’, ‘साच्यांची’ असते. दाणा आणि दाण्यात, पट्टा आणि पट्ट्यावर, पाणी आणि पाण्याचा. प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो, त्यामुळे सुरुवातीची अक्षरे जुळवूनही भागत नाही. आमच्या विकीच्या प्रगत शोधामागे असणाऱ्या इलास्टिकसर्च या शोधयंत्रामध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार विश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. हिंदीचा लावून पाहिला; मराठी प्रत्यय त्याला कळत नाहीत. म्हणून साधा मार्ग धरला: प्रत्येक पानाच्या तळाशी शोधशब्दांची एक ओळ. तिच्यात मूळ शब्द, त्याचे सामान्यरूप, इंग्रजी नाव आणि लोक रोमन लिपीत जसे टंकतात तशीही रूपे. ज्या शोधांना शून्य उत्तरे मिळाली त्यांची यादी दर आठवड्याला वाचली जाते आणि त्यांतून ही ओळ वाढत जाते. त्या यादीत कामगारांच्या प्रश्नांची भाषा जशीच्या तशी मिळते. अभियंता ‘शॉर्ट शॉट’ असे पान लिहितो. लोक ‘माल अर्धा येतोय’ असे शोधतात.

जुन्या फाइलींचा प्रश्न याच्याही आधीचा होता. कित्येक मराठी सूचना युनिकोडपूर्व फाँटमध्ये होत्या. विकीवर चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता होई. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि आडवा रफार यांत ती घसरतात. जी सूचना आजही लागू आहे तेवढीच घ्यायची, आणि ती पुन्हा टंकायची, असे ठरवले. बरीच कागदपत्रे त्यामुळे आपोआप निवृत्त झाली.

मशीनजवळचा पडदा

मशीनवर क्यूआर संकेत चिकटवले आहेत. मीडियाविकीत असा दुवा देता येतो, की वाचणाऱ्याने निवडलेल्या भाषेतले पान थेट उघडावे. कार्यालयात ते छान चालते, कारण तिथे प्रत्येकाचे स्वतःचे खाते आहे. मजल्यावर एक टॅब आणि तीन पाळ्या. आधीच्या माणसाने हिंदी निवडली असेल, तर पुढच्याला हिंदी दिसते. म्हणून संकेत आधी एका छोट्या पानावर नेतो. त्यावर भाषांची नावे आपापल्या लिपीत, मोठ्या बटणांवर. एक टिचकी जास्त लागते. तक्रारी थांबल्या.

गुलाबी रंगावरही पुन्हा विचार करावा लागला. मशीनजवळच्या प्रखर उजेडात तो फिकट दिसे, आणि काहींना वाटले की महत्त्वाचा परिच्छेद म्हणून तो ठळक केला आहे. आता जुन्या तुकड्याच्या डाव्या बाजूला जाड लाल पट्टी आणि त्या त्या भाषेत एकच वाक्य येते: ही सूचना बदलली आहे, पाळीच्या इंजिनिअरला विचारा. मशीन कुलूपबंद करून काम करण्याच्या आणि रसायनांच्या पानांना वेगळा नियम आहे. तिथे मूळ बदल आधी मसुदा म्हणून वेगळ्या पानावर राहतो, सगळ्या भाषांचे अनुवाद तिथेच तयार होतात आणि मग सगळे एकत्र लागू होते. त्यात एखादा दिवस जातो, आणि बदल तातडीचा असेल तर तोवर सुपरवायझर प्रत्येक पाळीला तोंडी सांगून सही घेतो.

ओडिशाच्या मुलांसाठी आम्ही अजून पुरेसे केलेले नाही. ती हिंदी पानावर काम चालवतात, आणि होसूरच्या उदाहरणाने जे पटले ते त्यांनाही लागू आहे. ओडिया मसुदे यंत्र देते. तपासणारा लागतो आणि तो त्याच मशीनवर काम करणारा हवा. कंत्राटी कामगार वर्षभरात बदलतात, हे आडवे येते. सध्या कुलूपबंद कामाची आणि रसायनांची पाने त्यांच्यापैकीच दोघांकडून वाचून घेऊन ओडियात ध्वनिमुद्रित केली आहेत, आणि भाषांच्या बटणांत पाचवे बटण आवाजाचे आहे. ध्वनिमुद्रण तुकड्यांशी बांधलेले नाही. मूळ बदलले तरी ते जुनेच बोलत राहील. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या नावात मूळ पानाच्या आवृत्तीचा क्रमांक घातला आहे, आणि सकाळच्या यादीत त्याचा एक वेगळा रकाना आहे. तुकड्यागणिक वेगळे मुद्रण करून ते प्रणालीत जोडता येते का, हे होसूरचे सहकारी तमिळसाठी करून पाहत आहेत, कारण तिथल्या रात्रपाळीलाही वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे पडते.